स्यालुंगची वहिवाट

यांगचानला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सत्त्याहत्तर वर्षांची होते. तिचा मत्सर मात्र मी त्याआधी पंचवीस वर्षं करत होते. न पाहिलेल्या माणसाचा मत्सर फार टिकतो. पाहिलेल्या माणसाला सुरकुत्या पडतात, त्याचे दात पडतात. न पाहिलेलं माणूस मनात आहे तसंच राहतं, ताजं.

माझा नवरा यशवंत खोपकर हिमनद्यांचा अभ्यासक होता. २०२७ सालापासून सलग अकरा हिवाळे तो लडाखच्या पूर्व टोकाला, थांगदोक नावाच्या एकोणीस घरांच्या गावी जाऊन राहिला. उंची चौदा हजार आठशे फूट. गावापुढे एक खिंड, खिंडीपलीकडे स्यालुंग नावाचं लांबट पठार, आणि त्या पठारावरून दोन देशांनी आपापल्या नकाशांत दोन वेगळ्या रेषा ओढलेल्या. गावात उतरायला जागा नव्हती, म्हणून तो एका घरी खोली घेऊन राहायचा. घर यांगचान डोलमाचं. तिचं वय त्रेचाळीस, नवरा दोन वर्षांपूर्वी हिमप्रपातात गेलेला, पदरी नऊ वर्षांची मुलगी. ही सगळी माहिती त्याने स्वतःच पहिल्या फोनवर दिली, आणि इतक्या सहज दिली की मला लगेच संशय आला.

उपग्रहावरून येणारा तो फोन आठवड्यातून एकदा असायचा, चार मिनिटांचा. "यांगचान म्हणते, यंदा बर्फ उशिरा पडणार." "यांगचानने लोकरीचे मोजे विणून दिलेत." एकदा म्हणाला, "यांगचानच्या भाकरीला तुझ्या भाकरीची चव नाही, पण ती गरम असते." त्या 'पण'नंतरचं मी आजही विसरलेले नाही. मी तेव्हा एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळत होते. घरी यायला सात वाजायचे, भाकऱ्या सकाळच्याच असायच्या.

मुलगी नऊ वर्षांची आणि यशवंत आत्ताच तिथे पोचलेला, हे गणित मी बोटांवर घालून पाहिलं होतं. तेवढ्यापुरता तो निर्दोष सुटला. "पन्नाशी उलटल्यावर कसला आलाय मत्सर?" असं माझी बहीण म्हणायची. तिचा नवरा पोस्टात होता, रोज साडेसहाला घरी यायचा.

यशवंत मुळात दिरंगाईचा माणूस. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून मी रोज सकाळी दाराशी उभी राहून ओरडायचे, "आऽटप!" पहिला 'आ' लांबवलेला, वर चढणारा, आणि शेवट विळीवर तुकडा पाडल्यासारखा. जिन्यातले लोक त्यावर घड्याळ लावायचे. यशवंत मात्र हलायचा नाही. चष्मा शोधायचा, चपला शोधायचा, मग पुन्हा चष्मा शोधायचा.

त्याचं तिथलं काम त्याने मला जेवणाच्या टेबलावर, माझ्याच शिवणाच्या रिळाचा दोरा ताणून समजावलं होतं. केसाएवढी काचेची तार घ्यायची, आपलं इंटरनेट ज्यातून चालतं तीच. तिच्या एका टोकातून लेझरचे ठिपके सोडत राहायचे, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात अतिसूक्ष्म खोट असतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवरून प्रकाशाचा एवढासा अंश माघारी येतो. तारेलगतची जमीन किंचित जरी थरथरली तरी काच ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून थरथर नेमकी कुठे झाली ते कळतं. म्हणजे वीस किलोमीटर तार पुरली की जमिनीला दर मीटरवर एक कान फुटला.

"काचेत खोट नसती तर काहीच ऐकू आलं नसतं," तो म्हणाला होता.

ही तार त्याने हिमनदीच्या तोंडापासून गावातून, खिंडीतून थेट स्यालुंगच्या पठारापर्यंत पुरली. हिमनदी सरकली किंवा वरचा तलाव फुटायला आला तर गावाला आधी कळावं म्हणून. पण हिवाळ्यात तिथली जमीन दगडासारखी गोठते आणि गोठलेली जमीन आवाज फार दूर नेते. त्यामुळे यंत्राला बर्फाबरोबर शेळ्यांचे खूर, माणसांची पावलंही ऐकू यायची. त्याला हे लोक गोंगाट म्हणायचे आणि गाळून टाकायचे. सरकारी संस्थेने गाळलेलं तेवढं ठेवलं; मूळ नोंदी जागा अडते म्हणून पुसल्या. यशवंतने आयुष्यात औषधाच्या बाटलीचं बूचही फेकलं नव्हतं. मूळ नोंदींच्या एक्केचाळीस डिस्का त्याने घरी आणल्या आणि दिवाळीच्या फराळाच्या दोन मोठ्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवल्या. २०४५ साली तो गेला. डबे तिथेच राहिले.

पुढे २०५० च्या सुमारास पाऊलवाचन निघालं. सही असते तशी प्रत्येकाची चाल वेगळी. टाच किती जोरात पडते, दोन पावलांत किती अंतर, कुठला पाय घासतो, यावरून संगणक जुन्या गोंगाटातून माणूस ओळखू लागला. २०५२ साली मला थांगदोकहून पहिलं पत्र आलं. लिहिणारी रिग्झिन, यांगचानची तीच मुलगी. आता चौतीस वर्षांची, याच विषयातली इंजिनियर. लहानपणी यशवंतनेच तिला गणित शिकवलं होतं.

स्यालुंग हे त्या गावाचं हिवाळी कुरण. वारा तिथला बर्फ उडवून नेतो म्हणून जानेवारीतही गवत उघडं राहतं. २०३८ साली सीमेच्या तंट्यात ते पठार दोन्ही बाजूंना बंद झालं. आता दोन्ही देशांनी मिळून एक आयोग नेमला होता. नियम साधा होता: बंद होण्याआधी ज्या बाजूच्या लोकांची तिथे वहिवाट होती, कुरण त्यांचं. पण वहिवाटीचा पुरावा कुठून आणायचा? गवतावर कोणी नाव लिहीत नाही. पुरावा असलाच तर माझ्या माळ्यावर होता.

मी उलट लिहिलं: डिस्का सापडत नाहीत.

दुसरं पत्र आलं. मी लिहिलं: अजून शोधते आहे. शोधत मुळीच नव्हते. डबे मला पलंगावरून दिसत होते. अकरा हिवाळे यशवंत कुठे चालला, कोणाबरोबर चालला, कोणाच्या दाराशी थांबला, ते सगळं त्यांत होतं. आणि ते माझ्याआधी चार परक्या लोकांनी वाचावं?

तिसऱ्या पत्रात एकच ओळ होती. "अबी-ले, गावात आता सात घरं उरली आहेत." अबी म्हणजे आजी; 'ले' मानाचं.

मी डबे खाली काढले. पाठवले मात्र नाहीत. मुलीला, केतकीला सांगितलं की मूळ डिस्का आहेत, मीच घेऊन जाते. तिने कपाळाला हात लावला. "आई, त्या उंचीवर धडधाकट माणसं झोपतात! तू नक्की कशाला चालली आहेस?"

"काम आहे," मी म्हटलं. मला त्या बाईचं तोंड बघायचं होतं.

लेहहून हवाबंद बसने नऊ तास. थांगदोकला उतरले तेव्हा नाकात प्राणवायूची नळी होती आणि मांडीवर डबे. रिग्झिन धावत आली. तिच्यामागे दगडी आवाराशी एक बुटकी, वाकलेली बाई उभी होती. डोक्यावर लोकरीची टोपी, पुढचे दोन दात नाहीत, गुडघे माझ्याहून वाईट.

हिच्यापायी मी पंचवीस वर्षं जळत होते? मला अपमान झाल्यासारखंच वाटलं.

तिनेही मला नळीपासून बुटांपर्यंत पाहिलं. तिचीही निराशा झालेली स्पष्ट दिसत होती.

"जुले, आचे-ले," ती म्हणाली. आचे म्हणजे थोरली बहीण. मग मोडक्या हिंदीत, "फोटोत तुम्ही उंच दिसता."

"फोटो बसलेला होता," मी म्हटलं.

तेवढ्यात आवारातल्या शेळ्या बसच्या आवाजाने बिथरून दारात अडकल्या. यांगचान वळली, तोंडाशी हात नेला आणि ओरडली, "आऽटप!"

शेळ्या सुटल्या आणि रांगेने चालू लागल्या.

पहिला 'आ' लांब, चढता. शेवटी तुकडा. माझ्या दारातला माझा सूर. जमीन जरा हलल्यासारखी वाटली, उंचीमुळेही असेल.

"हा शब्द कुठला?" मी रिग्झिनला विचारलं.

"आमचा, अबी-ले. शेळ्या हाकायचा. बाकी लडाखात नाही, फक्त आमच्याच गावात."

मी मिठाचा चहा घेतला आणि झोपले. यशवंतने घरातली थर्मासची बाटली नेली, माझी चांगली शाल नेली, ते मी सोडून दिलं होतं. हेही नेलं होतं तर.

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत रिग्झिनने यंत्र मांडलं. शाळेत आता मुलं नव्हती, जागा भरपूर होती. पडद्यावर गावाचा नकाशा आणि त्यावर २०२७ सालचे रंगीत ठिपके हळूहळू सरकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस.

"हे सर," ती एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली. "डावा पाय घासतात."

"स्कूटरवरून पडला होता. मी दूध आणायला पिटाळलं होतं," मी म्हटलं. मग बघत राहिले. सात वर्षांपूर्वी गेलेला माणूस पंचवीस वर्षांपूर्वीच्या सकाळी चालत होता. घरातून बाहेर आला, थांबला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. चष्मा विसरला असणार.

गावाच्या मध्ये मंत्र कोरलेल्या दगडांची लांब भिंत आहे. तिथली रीत अशी की भिंत नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं, वाट लांबली तरी. पहिल्या हिवाळ्यात निळा ठिपका सरळ जवळच्या बाजूने जायचा. तिसऱ्या हिवाळ्यापासून तो वळसा घालून, भिंत उजवीकडे ठेवून जाऊ लागला. पुढे एकदाही चुकला नाही.

सत्तेचाळीस वर्षं हा माणूस ओला टॉवेल पलंगावर टाकत होता. मी रोज सांगत होते. आणि इथे दोन हिवाळ्यांत शहाणा झाला! कोणी शिकवलं असेल, ते निळ्याशेजारून जाणाऱ्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहून कळत होतं.

"ही आमा," रिग्झिन हळूच म्हणाली.

"दिसतंय."

मग तिने स्यालुंग उघडलं आणि खरी अडचण सांगितली. पठारावर हिवाळाभर खूर आणि पावलं होती, हजारोंनी. पण पलीकडची बाजू म्हणणार की ती त्यांच्याच गुराख्यांची. खिंडीतून वर चढलेली पावलं ओळखता येत होती, पण पठारावर वाऱ्यामुळे चाली पुसट झाल्या होत्या. मुदत परवा संपत होती.

"आवाज?" मी विचारलं. प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती, डोकं अजून चालत होतं.

"बोलणं तारेला कळत नाही, अबी-ले. जोराची हाक असेल तर बर्फावर नुसता शहारा येतो. एका हाकेत काही सापडत नाही."

"एका नाही. पण एकच हाक रोज असेल तर? सगळ्या एकावर एक ठेव. वाऱ्याची थरथर दर वेळी वेगळी, ती एकमेकींना खाऊन टाकेल. हाक दर वेळी तीच, ती उरेल."

रिग्झिनने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून कामाला लागली. दुपारपर्यंत यंत्राने पठारावरचे साडेसात हजार शहारे एकावर एक रचले. तिने कळ दाबली. आधी नुसती खरखर. मग खरखरीतून, खोल विहिरीतून यावा तसा, एक लांब चढता सूर आणि शेवटी तुकडा.

रिग्झिन खुर्चीवरून उठली. "आटप! अबी-ले, हे आटप आहे! पलीकडे कोणीच असं ओरडत नाही. ते शीळ घालतात!"

मी बसून राहिले. तो कोणा एकाचा आवाज नव्हता. अकरा हिवाळ्यांत पठारावर ओरडलेल्या सगळ्यांचा मिळून एक आवाज होता, आणि तो माझ्यासारखा बोलत होता.

"हा शब्द माझा आहे," मी म्हटलं. "माझ्या घरातला."

पुढचं सगळं त्यावरच ठरलं. शब्द याच गावाचा, हे आयोगाला पटवायचं तर तो गावात कुठून आला ते सांगायला हवं होतं. त्यासाठी मला शपथपत्र द्यायचं होतं आणि त्याच तारेजवळ उभं राहून उघड्यावर एकदा तशीच हाक मारायची होती, दोन्ही सूर ताडून पाहण्यासाठी. मी होकार दिला. रिग्झिनने कागद पुढे केला आणि पुन्हा मागे ओढला.

"एक दाखवायचं आहे. न दाखवता तुमची सही घेणं बरं नाही."

तिने शेवटचा हिवाळा उघडला. शेवटचा दिवस, १९ मार्च २०३७. सकाळ. निळा ठिपका खोलीतून बाहेर आला. बसच्या दिशेने तीस पावलं गेला आणि थांबला. मग वळून, भिंत उजवीकडे ठेवून, पूर्ण वळसा घालून यांगचानच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि उभा राहिला.

मी पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ बघत होते. एक मिनिट. चार. सात. ठिपका एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता, डावा पाय जरा जास्त वेळ टेकवत. दाराआड पिवळा ठिपका होता. तोही हलत नव्हता. अकरा मिनिटांनी निळा ठिपका वळला आणि बसकडे गेला.

"वगळता येईल?" मी विचारलं.

"दाव्याला या दिवसाची गरज नाही," रिग्झिन खाली बघत म्हणाली. "पण प्रत्येक डिस्कवर यंत्राची मोहोर असते. एक सेकंद कापला तरी मोहोर तुटते आणि अख्खा हिवाळा बाद होतो. आणि दावा दाखल झाला की नोंदी सगळ्यांना खुल्या होतात. वर्तमानपत्रवाले पाहतील. तुमच्या घरचेही. तुम्ही नको म्हणालात तर मी डबे परत बांधून देते. उद्या सकाळी बस आहे. मी गावाला सांगेन, नोंदी खराब निघाल्या."

मी नळी लावली आणि बाहेर पडले.

यांगचान आपल्या स्वयंपाकघरात लोखंडी पत्र्याच्या चुलीपुढे बसून भाकरी भाजत होती. ते दार आत्ताच मी पडद्यावर पाहिलं होतं. मी त्याच दारात उभी राहिले.

"तो इथे उभा होता," मी म्हटलं. "शेवटच्या सकाळी. अकरा मिनिटं."

"इतका वेळ?" तिने भाकरी उलटली. "मला जास्त वाटला होता."

"तुला माहीत होतं?"

"पाय घासायचा ना. गावातल्या कुत्र्यांनाही कळायचं."

"मग दार का नाही उघडलंस?"

"उघडलं असतं तर चहा द्यावा लागला असता. चहा प्यायला बसले असते तर बस गेली असती. पुढची बस आठ दिवसांनी." ती भाकरीकडे बघत राहिली. "आठ दिवस फार होतात, आचे-ले."

"तुला उघडावंसं वाटलं होतं का?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "एवढ्या उंच चढून आलात, तुम्हाला खोटं कशाला सांगू? वाटलं होतं."

पंचवीस वर्षं मी याच उत्तराची तयारी करत होते. काय काय बोलायचं ते सगळं पाठ होतं. त्यातलं एकही आठवेना. धाप लागली होती म्हणून मी खाली बसले. तिने भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे केला. गरम होता. चवीला, यशवंत म्हणाला होता तसाच, माझ्या भाकरीइतका चांगला नव्हता.

"आणि तुम्हीच मला जाब विचारता!" ती एकदम म्हणाली. "मला तुमचा किती राग यायचा माहीत आहे? रोज सकाळी हा माणूस चष्मा शोधायचा आणि स्वतःलाच ओरडायचा, आऽटप, आऽटप! मी विचारलं, हे कोण भांडतंय? तर म्हणाले, बायको, ती बरोबर येते. अकरा वर्षं तुम्ही माझ्या घरात राहिलात, आचे-ले. भाडं न देता. चुलीपाशी, दारापाशी, जिन्यात. बाहेर काढू कशी?"

"मग?"

"मग काय! तुमचा शब्द मी शेळ्यांना दिला. म्हटलं, ही बाई माझ्या घरात ओरडण्यापेक्षा माझ्या शेळ्यांवर ओरडू दे. थट्टा म्हणून केलं होतं. पण शेळ्या ऐकायला लागल्या. मग शेजारणीने उचललं, मग सगळ्या गावाने." तिला हसू फुटलं, पुढचे दोन दात नसलेलं. "सरांना समजलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

मीही हसले असते, पण हवा पुरत नव्हती. मी नुसती मान हलवत बसले. माझा शब्द त्याने तिला दिला नव्हता. तिनेच तो रागाने हिसकावून शेळ्यांपुढे टाकला होता. तिची जळजळ माझ्या जळजळीपेक्षा कामाची निघाली, हेही मला थोडं लागलंच.

भाकरी संपेपर्यंत मी त्या उंबऱ्याकडे बघत होते. यंत्राने तो इथे उभा राहिलेला पकडला होता. पण तो वळून गेलेलाही त्याच यंत्राने पकडला होता. उभं राहणं कापलं तर परतणंही कापलं जाणार. आणि बाराव्या मिनिटाला माझ्याकडे परत निघालेल्या पावलांचा दुसरा पुरावा जगात कुठेही नव्हता.

मी शाळेत परत गेले. यांगचान काठी टेकत मागून आली.

"आण तो कागद," मी रिग्झिनला म्हटलं. "अख्खा हिवाळा दे. काही कापू नकोस."

तिने प्रश्न वाचायला घेतले. शब्द कोणाचा, कोणत्या भाषेतला, गावात कोणी आणला. शेवटचा प्रश्न होता, तो शेळ्यांसाठी वापरायचं कारण काय.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघू लागलो.

"काय लिहू?" रिग्झिनने विचारलं.

"लिही," मी म्हटलं, "गावातल्या एका बाईला तो ऐकवत नव्हता म्हणून."

"आणि त्याखाली," यांगचान म्हणाली, "की आता तिचं वय झालंय, आता ऐकवतो."

निकाल पुढच्या वैशाखात लागला. स्यालुंग थांगदोकला मिळालं. गाव सोडून लेहला गेलेल्या चार घरांची माणसं त्या हिवाळ्यात शेळ्या घेऊन परतली, असं रिग्झिनने कळवलं. आयोगाच्या निकालपत्रात तीन पानं एका मराठी क्रियापदावर आहेत. केतकीने सगळ्या नोंदी पाहिल्या. आठवडाभर तिने फोन केला नाही. मग एक दिवस एवढंच विचारलं, "आई, बाबा अकरा मिनिटं स्वस्थ उभे राहू शकायचे?"

पण मला सांगायची आहे ती सहीच्या दिवसाची दुपार. सही झाल्यावर हाक मारायची राहिली होती. आवाराच्या भिंतीलगत जिथून तार जाते तिथे रिग्झिनने मला उभं केलं. ऊन होतं, वारा पडला होता. समोर दगडी आवारात गावातल्या सगळ्या घरांच्या मिळून शंभर-सव्वाशे शेळ्या रवंथ करत बसलेल्या, दार सताड उघडं. यांगचान दाराशी काठीवर हनुवटी टेकून उभी होती.

"घरी मारायचात तशीच मारा," रिग्झिन म्हणाली.

मी नळी काढली. तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. सात वर्षं तो शब्द मी उच्चारला नव्हता. घरात मी एकटी, आवरायला सांगणार कोणाला?

"चष्मा सापडला नाही वाटतं अजून!" यांगचान तिकडून ओरडली.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी छाती भरून घेतली आणि ओरडले, "आऽटप!"

सव्वाशे माना एकदम वर झाल्या. क्षणभर त्यांनी माझ्याकडे, या परक्या म्हातारीकडे पाहिलं. मग सगळ्या उठल्या, एकीमागे एक दारातून बाहेर पडल्या आणि मंत्रांच्या भिंतीला उजवीकडे ठेवून मुकाट्याने चालू लागल्या.

सत्तेचाळीस वर्षं या हाकेवर आमच्या घरात कोणी जागचं हललं नव्हतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला सर्वांत जास्त मत्सर यांगचानच्या शेळ्यांचा वाटला. तिच्या नव्हे, तिच्या शेळ्यांचा. त्यांना एकदा सांगून कळत होतं.